मुखपृष्ठावरची झेली

"तुम्ही माझी पोर जाळलीत," थेओड्यूलने दारातूनच सांगितलं. "तुम्ही, तुमच्या वरच्याने, आणि त्याच्याही वर जो कोणी खुर्ची उबवत बसलाय त्याने."

नाट्यगृहाच्या कचेरीतल्या बोकाज कारकुनाने लेखणी खाली ठेवली. म्हातारा नवव्यांदा आला होता. या खेपेला बायकोच्या आधाराने.

"बसा, बाई," तो ऑर्तांसला म्हणाला. "पायऱ्या फार आहेत आमच्याकडे."

"पायऱ्याच आहेत," थेओड्यूल म्हणाला. "लाज नाही."

भिंतीवरच्या चित्रात त्याची पोर, झेलीच होती. चांदण्यातल्या तळ्यावर, एका पायाच्या बोटांवर उभी, कमरेखाली नुसतं धुकं. तिच्या नाचाच्या स्वरलिपीचं हे मुखपृष्ठ बापानेच काढलं होतं. पॅरिसमध्ये ज्या घरी पियानो त्या घरी ते होतं. पोर गेल्यापासून तर प्रकाशकाला शिळाछापाचे दगड पुरेनात.

सव्वीस वर्षं थेओड्यूल हेच करत आला. दगडाला नाक लावायचं आणि उलटं चित्र काढायचं: ऑपेरातली जळती मंदिरं, बुडती जहाजं, वेड्या झालेल्या राजकन्या. दगडाने डोळे खाल्ले. चित्र अजून हाताच्या सवयीने उतरायचं, पण लिहिलेलं अक्षर दिसेना. आलेले कागद झेली वाचून दाखवायची. आता ऑर्तांस.

"आग धरू नये म्हणून तुरटीच्या पाण्यातून काढलेला झगा घातल्याशिवाय कुणी नाचायचं नाही. नियम तुमचाच ना?"

"आमचाच."

"मग ती साध्या मलमलीत गॅसच्या दिव्यांपाशी गेली कशी?"

"तिला तो झगा नको होता, काका. पिवळा पडतो, ताठ होतो. म्हणाली, बाबांच्या चित्रात मी धुकं आहे, आणि यात पिठाचं पोतं दिसते."

ऑर्तांसने मान खाली घातली.

"सतरा वर्षांची पोर काहीही म्हणेल. विष मागितलं असतं तर दिलं असतंत?"

"लेखी परवानगी आल्याशिवाय आम्ही सोडलं नाही."

"तेच विचारतोय नऊ वेळा. परवानगी दिली कोणी? सही कोणाची?"

"त्याने ती परत येणार आहे का? घरी जा."

"एकवीस दिवस ती पालथी पडून होती. चादर बदलायची म्हटलं की पाठीची कातडी सोबत यायची. मी रोज विचारायचो, कोणी जाऊ दिलं तुला? ती म्हणायची, बाबा, नको ना. शेवटपर्यंत नाव घेतलं नाही तिने. कुणातरी बड्याला तीही घाबरत होती, आणि तुम्हीही त्यालाच झाकताय."

"झाकतोय हे खरं," बोकाज म्हणाला.

"ऐकलंस?" थेओड्यूल बायकोकडे वळला. "स्वतःच्या तोंडाने बोलला." मग पुन्हा कारकुनाकडे. "कागद दाखवा. नाहीतर उद्या तुमचंच चित्र काढतो दगडावर, हातात पेटती काडी दिलेलं. तेही घरोघर जाईल."

बोकाजने ऑर्तांसकडे बघितलं.

"दाखवा," ती हळूच म्हणाली. "एकदाचं संपू दे. रात्रंदिवस हेच चाललंय यांचं."

त्याने खण उघडला, कागद काढला आणि म्हाताऱ्याला ओलांडून तिच्या हातात दिला.

"तुम्हीच वाचा, बाई. मनात."

ऑर्तांसने कागद खिडकीच्या उजेडाला धरला. मजकूर झेलीच्या अक्षरात होता. मुलीने तुरटीचा झगा न घालता नाचण्यास पालक म्हणून माझी हरकत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात तिरकी, झोकदार सही, आणि शेजारी तेलकट शाईने माखलेल्या अंगठ्याचा ठसा. दर रविवारी छापखान्यातून मुखपृष्ठांचे नमुने आले की झेली त्यांची चळत बापापुढे ठेवायची, एकेका कागदाच्या कोपऱ्यावर बोट टेकवून म्हणायची, "इथे, बाबा." आणि तो खाली न बघता मंजुरीच्या सह्या ठोकत जायचा.

थेओड्यूलने बायकोचा दंड घट्ट धरला.

"कोण आहे? नाव वाच. मी त्याला जिवंत सोडणार नाही. अगं, गप्प का बसलीस? कोणाची सही आहे, सांग."