भुवनाचं पान

पानावर बसल्यावरच वासुकीच्या लक्षात आलं, की आपल्याला फसवलंय. सासूबाई, अंबाबाई, म्हणाल्या होत्या चिमूटभर. सगळ्यातलं नुसतं चिमूटभर खा, नाही म्हणू नकोस. आणि पानावर पदार्थ होते एकवीस. एकवीस चिमटींचं अख्खं जेवण होतं, हे कळायला काय गणित शिकावं लागतं? वासुकी तर सोळा वर्षं शाळेत गणितच शिकवत होती. तरी फसली.

तिच्या पोटाचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले होते. वजन उतरवायची ही ऑपरेशनं चेन्नईला तेव्हा नुकती सुरू झाली होती. डॉक्टरांनी पोट कापून लिंबाएवढं ठेवलं आणि हातात एक कागद दिला. आधी डाळ नि दही, मग भाजी, जागा उरली तर भात. घास वीस वेळा चावायचा. सगळं मिळून अर्धी वाटी. गोडाला हात लावायचा नाही. एकदा तिनं अर्धा चमचा पायसम चाखून बघितलं, तर दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली आणि तासभर ती न्हाणीघराच्या फरशीवर बसून होती. अंबाबाईंनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण आज सवाष्णींचं जेवण होतं. वासुकीची नणंद भुवना सहा वर्षांपूर्वी सवाष्णच गेली. आता तिच्या मुलीचं, वर्षाचं, लग्न आजोळून व्हायचं होतं, आणि लग्नाआधी गेलेल्या सवाष्णीला जेवू घालायचं ही घरची रीत. पाच बायका बसतात. जेवतात त्या, पोट भरतं तिचं. पानात उरलं तर ती उपाशी गेली, लग्नाला आशीर्वाद नाही. सकाळी पाचांतली एक, लक्ष्मीप्रिया, बाहेरची झाली, ऐनवेळी दुसरी कुठे मिळेना, म्हणून सुनेला धरून बसवलं.

वासुकीनं डाळीची कोशिंबीर दोन चमचे खाल्ली, थोडं दही खाल्लं आणि थांबली. पोट भरलं होतं. तेवढ्यात शेजारच्या पानांवरच्या बायका सुरू झाल्या. किती सुकलीस, तोंड बघ कसं झालंय, कुणाची दृष्ट लागली ग. ह्याच बायका! वीस वर्षं ह्यांनीच ऑटोत तिला वेगळी बसवली, लग्नघरी तिच्या दंडाकडे बघून एकमेकींना कोपरं मारली. तेव्हा जाडी म्हणून नावं ठेवली, आता बारीक झाली म्हणून हळहळ. वासुकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाकघराच्या दारात तिचा नवरा सूर्यनारायण उभा होता. बायकोचं पोट जाडीपायी कापलं हे सांगायची त्याला लाज, म्हणून त्यानं गावभर पित्ताचे खडे सांगून ठेवले होते. आता तो डोळ्यांनी खुणावत होता, खा, आजचा एक दिवस खा. ह्याच्या बापाचं काय जातंय!

अंबाबाई पोळ्यांचं ताट घेऊन आल्या. विचारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या वाढत. पुरणाची पोळी, वर तुपाची धार. वासुकीनं पानावर हात आडवा धरला आणि सगळी पंगत वळून बघायला लागली.

"भुवनाची आवडती आहे," अंबाबाई म्हणाल्या. "तू कुठं खातेस? ती खातेय."

वासुकीला भुवना गेली त्या वर्षीचा पोंगलचा सण आठवला. भुवनाची साखर चारशेच्या वर गेलेली, पाय सुजलेले, आणि हीच पंगत, हेच ताट. भुवना पानावर हात धरून पुरे म्हणत होती, पोदुम म्हणत होती, मराठीत नि तमिळमध्ये, घरच्या दोन्ही भाषांत सांगत होती. अंबाबाईंनी तिचा हात बाजूला सारला आणि पोळी वाढली. एकानं काय होतंय! एकानं काही होत नाही, खरंच आहे. पण त्या घरात पोळी कधी एक नसायचीच. त्याच वर्षी आडी महिन्यात, आषाढात, भुवना गेली. सगळे म्हणाले, नशीब तिचं.

आताही अंबाबाईंचा हात आला, वासुकीच्या मनगटावर. तो हात बाजूला सारायला आला होता. वासुकीनं आपला हात तसूभर हलू दिला नाही.

शेवटचा प्रश्न तेवढा राहिला होता. तो प्रत्येक सवाष्णीला विचारायचा असतो, गेलेलीचं नाव घेऊनच विचारायचा. सवाष्णीनं तृप्त झाले म्हटलं की विधी पुरा. पंगतीसमोर रीत मोडणं अंबाबाईंना जमणार नव्हतं. मनगट न सोडता त्यांनी विचारलं,

"भुवना, तृप्त झालीस?"

वासुकीनं भरल्या पानाकडे बघितलं, मग वर, त्यांच्या डोळ्यांत.

"केव्हाच झाले होते, अम्मा. तू ऐकलंस कुठं?"

सासूला एकेरीत बोललेली सून त्या घरानं पाहिली नव्हती. सूर्यनारायण दारातून आत गेला.

अंबाबाईंनी मनगट सोडलं. ताट घेऊन त्या पुढे सरकल्या. पंगतीच्या टोकाला कुमारिका म्हणून वर्षा बसली होती, आईच्याच अंगलटीची. तिच्या पानावर एक पोळी आधीच होती. अंबाबाई तिच्यापुढे वाकल्या, ताटातली पोळी उचलली आणि हातातच धरून ठेवली.

"वाढू?" त्यांनी विचारलं, आणि ती बोलेपर्यंत थांबल्या.