भिलाईचा रशियन हत्ती

“पंचफुले, सांगितलं तं कोणाले पटणार नाही!” म्हणत धोंडबानं नातीच्या हातात प्लास्टिकचा हिरवा हत्ती ठेवला. “तुझ्या बापानं रशियातून धाडला. तिथं बर्फात गवत उगवत नाही, तं गाई हिरवे हत्तीच चाटतेत!” हत्तीची मान मागं केली की सोंडेखालून पिपरमिंटची गोळी बाहेर येई. रशियन मदतीनं उभ्या राहणाऱ्या पोलाद प्लँटाच्या लेबर कॅम्पात कॉलऱ्यानं धोंडबाचा लेक गेला, तेव्हा पोर मामाकडे होती. “बाप रशियात काम शिकून राहिला,” अशी थाप म्हाताऱ्यानं मारली. मग दर महिन्याला जुना हत्ती “रशियाले धाडतो” म्हणून न्यायचा आणि प्लँटातल्या रंगानं कधी तांबडा, कधी चंदेरी करून द्यायचा. आज पोरीनं गोळी काढलीच नाही. नुसता हत्तीचा कान चाचपला. “आबा, इथं माझ्याच दाताचं निशान हाय. हा रशियाले गेलाच नाही.” तिनं हत्ती आबाच्या हातात परत ठेवला. “अन् बाबाबी नाही गेला.”