तिसरी तार

“आता? आता येतायत का टाळ?” अंबाजीने विचारलं.

बयाबाई स्पीकरसमोर पाटावर बसली होती. हात पिठाचे होते. भजनाची तबकडी फिरत होती आणि टाळ खणखणत होते. अंबाजी तिच्या पुढ्यात उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे बघत होता.

“मंद येतायत,” ती म्हणाली.

अंबाजीने श्वास सोडला. “बघ! म्हटलं न्हवतं? तारच आवाज खाती.”

ही तिसरी तार. तबकड्या वाजवायचं यंत्र आणि त्याचा स्पीकर लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याने टाकून दिलेले. अंबाजीने दोन्ही रेल्वेच्या चाळीत आणून दुरुस्त केले. यंत्र बाहेरच्या खोलीत, स्पीकर स्वयंपाकघरात, कारण बयाबाईचा दिवस तिथंच जायचा. मधल्या भिंतीवरून तार. पहिली होती दाराच्या घंटीची, दोऱ्यासारखी बारीक. दुसरी एका गार्डाने मुंबईहून आणलेली, दुपदरी. ही तिसरी रेल्वेच्या वायरमनने, विठ्ठलने दिलेली, चांगली जाड तांब्याची. प्रत्येक तारेला अंबाजीचं म्हणणं एकच, बाकी सगळं येतं पण टाळ वाटेतच मरतात. आणि प्रत्येक तारेला तो बयाबाईला पाटावर बसवायचा.

तारेने फरक पडला नाही असं नव्हतं. या तारेवर मृदंग भरून आला होता. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा कळत होता. पण टाळ पहिल्या तारेवरही स्वच्छ होते. तेव्हाच ती तसं सांगणार होती. पण चुलीवर दूध होतं, धुणं भिजत पडलं होतं, आणि “येतायत” म्हटलं असतं तर तो तासभर हुज्जत घालत बसला असता. म्हणून ती “मंद येतायत” म्हणाली. पुढे तेच तोंडात बसलं.

चार महिन्यांत त्या दोन शब्दांना वजन आलं. अंबाजी खालच्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या फाटकावर होता. स्टेशनातून घंटी आली की फाटक लावायचं, एवढंच काम. सव्वीस वर्षं त्याने ते चोख केलं होतं. आता फाटक उशिरा लागायला लागलं. तो म्हणायचा, घंटीची तार खराब झालीय. बाकीच्या दोन पाळ्यांतल्या माणसांची काही तक्रार नव्हती. गेल्या मंगळवारी भाजे गावची एक बैलगाडी रुळावर असतानाच इंजिनाची शिट्टी झाली. गाडीवानाने बैल हाणले, म्हणून ती गोष्ट नळावरच्या बोलण्यातच राहिली.

तबकडी संपायच्या आत विठ्ठल आला. बगलेत वही होती. उद्या त्याला घंटीच्या तारेचा रिपोर्ट द्यायचा होता. तार खराब असेल तर तार बदलतील. तार चांगली असेल तर अंबाजीला कान तपासायला पाठवतील, आणि मग फाटक गेलं. चाळीतली खोलीही राहिली नसती. पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

“अंबाजीभाऊ, भिंतीपेक्षा खिळे जास्त झाले की तुमच्या घरात,” विठ्ठल मोठ्याने म्हणाला. मग पाटापाशी टेकला. “वहिनी, च्या नका टाकू. एक सांगा फक्त. तारेपायी टाळ मंद येतात, असं तुमी पण म्हणता ना?”

“तीच म्हणती,” अंबाजी म्हणाला. “मी कुटं म्हणतोय?”

“मग घंटीचं पण तसंच असंल. तार खराब हाय म्हणून लिवून टाकतो.” विठ्ठलने वही उघडली. स्पीकरमधून टाळ वाजत होते. ते त्यालाही ऐकू येत असणार, कारण तो दोघांपैकी कुणाकडेच बघत नव्हता. “लिवू का, वहिनी?”

बयाबाईने हाताचं पीठ काढायला घेतलं. बोटांच्या बेचक्यांत ते वाळून बसलं होतं. ती फार दमली होती. हो म्हटलं की विठ्ठल जाईल, अंबाजी जेवून दोनच्या पाळीला निघेल, खोली राहील. आषाढ तोंडावर आला होता. आता धुकं उतरेल. मग फाटकापासून चार हातांवरचंही दिसत नाही. आणि मंगळवारी बाजारातून गाड्या परततातच.

“नका लिवू,” ती म्हणाली.

“आँ?”

“टाळ वाजतायत, भावजी. झकास वाजतायत. पयल्या तारेपासनं वाजतायत. मीच खोटं बोलले.”

विठ्ठलने वही मिटली. उठला आणि चपला पायात सरकवून गेला.

अंबाजीने तिच्या ओठांवरून सगळं वाचलं होतं. तो आता ओरडेल म्हणून ती मान खाली घालून बसली. तो ओरडला नाही. त्याने खिळ्यावर टांगलेला खाकी सदरा काढला, त्याची घडी घातली आणि ती मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला. तबकडी संपून नुसतीच खरखर चालली होती. ती बंद करायला कुणी उठलं नाही.

“चार म्हयने रुळावर हात ठेवून बसतोय मी,” तो म्हणाला. “गाडीची थरथर तरी कळावी म्हणून. लय दमलो गं. मी तुलाच इचारत होतो न्हवं? मग पयल्या तारेलाच का न्हाई सांगितलंस?”