पंचवीसचं वर्तुळ

साखर पंचवीस टक्क्यांनी महागली. खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा? तेजलचं पेन उत्तरपत्रिकेतल्या ‘पंचवीस’च्या वर्तुळावर टेकणार, तोच पर्यवेक्षक मुळेगुरुजी तिच्या बाकाशी थबकले.

उत्तर वीस होतं. सकाळी फाटकाशी तिची आई म्हणाली होती, “निवासी शाळेत नंबर लागला, तरच ही पुढं शिकेल हो, गुरुजी.” पण पर्यवेक्षकाने उत्तर सुचवायचं नसतं. गुरुजी खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. जन्मभर मुलांना समजावणारी जीभ त्यांनी दाताखाली धरली.

“गुरुजी, काळं केलेलं वर्तुळ खोडता येतं का?”

“नाही गं, बाळा.”

“मग थांबते जरा. आणि तुम्ही सारख्या येरझाऱ्या घालू नका ना, माझं गणित चुकतंय!”

गुरुजी ओशाळून खुर्चीत बसले. तेजल कोऱ्या जागेत लिहिता लिहिता पुटपुटू लागली, “भाव झाला पाच छेद चार... म्हणजे वापर त्याच्या उलट, चार छेद पाच... एक पंचमांश कमी...”

“मनातल्या मनात, बाळा!” गुरुजींनी दटावलं, पण दटावताना त्यांना हसू काही आवरेना.