अण्णांचं बोलणं

अण्णांच्या डेबिट कार्डावरून पैसे गेल्याचं कळताच थोरल्याने त्यांना सांभाळणाऱ्या मावशींना उभ्या उभ्या घराबाहेर काढलं. त्यांचा एक शब्दही ऐकून घेतला नाही. अण्णा दाराकडे बोट दाखवून काहीतरी सांगत राहिले, पण अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं बोलणं मावशींशिवाय कुणाला कळायचं?

महिन्याभरात सगळे पैसे खात्यात परत आले. थोरला चक्रावून बँकेत गेला.

"कार्डाची नक्कल करून कुणीतरी परगावी काढले होते," काउंटरवरची बाई म्हणाली. "त्याच दिवशी तक्रार आली म्हणून वाचले."

"पण तक्रार केली कोणी?"



"वडीलच आले होते की, व्हीलचेअरवरून. आम्हाला त्यांचं बोलणं उमगेना, तर सोबतच्या मावशी शब्द न् शब्द समजावून सांगत होत्या."