कालचा प्रिंटर

"जावईबापू, हात चालवा! आत बाईचं रक्त थांबत नाहीये आणि तुमचा हा प्रिंटर ढिम्म हलत नाहीये."

जावईबापू म्हणजे रुग्णालयातले संगणक सांभाळणारा. बोलावणी धाडून धाडून थकल्याशिवाय उगवत नाही आणि आला की आधी खुर्ची लागते, म्हणून सिस्टर लोकांनी ठेवलेलं नाव. आज मात्र तो पहिल्याच फोनला जिने चढत धावत आला होता. खुर्चीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

प्रसूतीच्या वॉर्डातून रक्त मागवायचं तर मागणीचा कागद छापायचा, डॉक्टरीणबाईंची सही घ्यायची आणि मावशीनं तो खाली रक्तपेढीत न्यायचा. सिस्टरनं मघाशी हातानं चिठ्ठी लिहून दिली होती. मावशी हात हलवत परत आली.

"नाही म्हणतो मेला," मावशी धापा टाकत म्हणाली. "छापील कागदावरच्या रेघा मशीनला दाखवल्याशिवाय पिशवी निघतच नाही म्हणे. हातची चिठ्ठी चालत नाही आता."

दाराशी बाकावर बाईचा नवरा बसला होता. सकाळी जन्मलेली मुलगी टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिली होती, आणि ती कशी धरायची हे त्याला अजून जमत नव्हतं. कुणी टेबलापाशी हललं की तो उठायचा.

"दादा, आला का कागद?"

"येतोय, येतोय."

जावईबापूनं ट्रे ओढला, कागद झटकून पुन्हा बसवले. शाईचा डबा काढून हलवला. प्रिंटर बंद केला, चालू केला. हिरवा दिवा लागला. स्वतःच्या नावानं आत शिरून त्यानं एक पान सोडलं. ते खट्कन बाहेर आलं, स्वच्छ, काळंभोर.

"हे बघा. प्रिंटर ठणठणीत आहे."

"मग मीच तेवढं काय घोडं मारलंय त्याचं?" सिस्टर पुन्हा आपल्या नावानं आत शिरली, बटण दाबलं. पडद्यावर आलं, छपाई पूर्ण. प्रिंटर गप्प. "बघा! मघापासून हेच चाललंय."

आतून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "सिस्टर, रक्त कुठंय? होत्या त्या पिशव्या संपल्या!"

जावईबापू पडद्याकडे बघत राहिला. या टेबलावरचे संगणक नुसते नावाचे. खरं सगळं तळघरातल्या मोठ्या यंत्रावर चालायचं आणि रोज सकाळी कोरी पाटी घेऊन समोर यायचं. कालचा प्रिंटर आज लक्षात नाही. लांबलचक यादीतून आपला शोधा, तो निवडा, मग काम. सगळ्या सिस्टर त्याच्या नावानं खडे फोडायच्या. गेल्या आठवड्यात त्यानं जेवणखाण विसरून ते दुरुस्त केलं. आता ज्याचा त्याचा प्रिंटर यंत्र स्वतःच लक्षात ठेवायचं, माणूस कुठंही बसो. सिस्टर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अक्कल आली हो तुमच्या मशीनला, असं कुणीतरी म्हणालंही होतं, आणि तो दिवसभर त्याच तोऱ्यात फिरला होता.

माणूस कुठंही बसो.

"सिस्टर," त्यानं विचारलं, "काल तुम्ही कुठल्या वॉर्डात होता?"

"लहान मुलांच्या. पलीकडच्या इमारतीत. रंगकामाला वॉर्ड बंद केला आणि आज सकाळी आम्हाला असं कुठं कुठं फेकलं. का हो?"

मुलांच्या त्या कुलूपबंद वॉर्डात, रंगाच्या डब्यांमध्ये, हिचे सगळे कागद एकावर एक येऊन पडले होते. एकही चुकला नव्हता.

त्यानं सेटिंग उघडलं, जुना प्रिंटर पुसला, समोरचा निवडला. कागद आला. सिस्टर तो घेऊन आत धावली, सही घेऊन बाहेर आली, आणि मावशी पदर खोचून जिन्याकडे पळाली.

आता त्याचं काम संपलं होतं. तो गेला नाही. बाळ रडायला लागलं तेव्हा नवरा त्याच्याकडे बघून ओशाळं हसला. "भूक लागली असेल. आई येईपर्यंत दम धर म्हणतोय तिला."

जावईबापूला त्याच्याकडे बघवेना.

मावशी पिशव्या छातीशी धरून वर आली तेव्हा डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. हातमोजे काढलेले. त्यांनी मावशीकडे पाहून नुसती नकारार्थी मान हलवली. मावशी तिथंच थांबली. पिशव्या आता कुणाच्या हातात द्यायच्या, ते तिला कळेना.

नंतर बऱ्याच वेळानं सिस्टर टेबलापाशी परत आली. डोळे पुसलेले होते. "नेमकं काय झालं होतं हो?" तिनं हळूच विचारलं.

"सेटिंग," तो म्हणाला. पुढचं बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण नवरा टेबलाशी येऊन उभा राहिला होता. बायकोला घरी न्यायचा कागद त्याला हवा होता.

सिस्टरनं बटण दाबलं. प्रिंटर खट्कन वाजला आणि पान बाहेर आलं.

नवऱ्यानं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, मोकळ्या हातानं कागद उचलला. रागाचा लवलेश नव्हता चेहऱ्यावर. जावईबापूकडे वळून, कुणाचं तरी काम नीट झालं म्हणून सांगावं तसं तो म्हणाला,

"दादा, आता बघा, लगेच आला."