पिवळ्या दोऱ्याचा पट्टा

मुलीच्या कमरेला पट्टा आवळला जात होता, तेव्हा आई दरीकडे पाठ करून बसली होती. मांडीवर तिघांच्या पिशव्या, पायाशी मुलीच्या चपला. समोर नुसता खडक. तिला तोच बघायचा होता.

"हिने आजवरच्या सगळ्या सहली अशाच पाठमोऱ्या केल्यात," बाबा रांगेतल्या लोकांना सांगत होते. "धबधब्याला गेलो, हिने पार्किंग पाहिलं. दीपगृहाला गेलो, हिने तिकिटाची खिडकी पाहिली. फार सुंदर होती म्हणे."

रांग हसली. आईही हसली. खोटं काय होतं त्यात?

या काठापासून त्या काठापर्यंत दरीवर पोलादी दोर ताणला होता. त्याला पट्ट्याने अडकून पलीकडे घसरत जायचं. मुलीने त्यासाठी सगळी सुट्टी घर डोक्यावर घेतलं होतं. आता ती खडकापाशी येऊन आईपुढे उभी राहिली.

"आई, बकल नीट बसलंय का बघ गं. तुला कळतं त्यातलं."

कळणारच. आई कारखान्यात असलेच पट्टे शिवत होती. तिने बकल ओढून पाहिलं. ठीक होतं. मग नजर मांडीभोवतीच्या शिवणीवर गेली. चौकोन, चौकोनात फुली, शेवटी उलटे मारलेले टाके. दोरा पिवळा. कारखान्यात प्रत्येकीच्या दोऱ्याचा रंग वेगळा असे, शिवण कुणाची ते लांबूनही ओळखू यावं म्हणून. पिवळा तिचा.

तिने पिशव्या उचलून बाबांच्या हातात दिल्या.

"काढ तो पट्टा."

"झालं का तुझं सुरू, आई?"

"काढ म्हणते ना. आधी मी जाते."

"तू?" पिशव्या सावरत बाबांनी विचारलं.

पट्टे बांधणारा माणूस लगबगीने आला. "काकू, बिनधास्त राहा. या पट्ट्याला म्हैस टांगली तरी काही होणार नाही."

"ठाऊक आहे. मीच शिवलाय तो."

"मग भीती कसली?"

"शिवला मी. लटकले नाही."

त्याला काही उमगलं नाही. बाबांना उमगलं. कारखान्याचा नियमच तसा होता. जिने पट्टा शिवला तिने तो स्वतः घालायचा आणि छताच्या आकड्याला लटकायचं. पाय जमिनीवरून सुटले की मगच पट्टा बाहेर जाणार. जमीन काही फार लांब नसे, वीतभर खाली. पण आईला ती वीतच दरीएवढी. तिच्या वाटचं शेजारच्या मशीनवाली लटकायची, बदल्यात आई तिची बकलं बसवून द्यायची, आणि मुकादम नेमका त्याच वेळी खिडकीबाहेर बघायचा. पट्टे पक्के होते, एकही कधी परत आला नाही. तरी पिवळ्या दोऱ्यावर तिचा स्वतःचा भार कधी पडलाच नव्हता. आणि आज घरच्यांपैकी पहिला मुलीचा पडणार होता.

पट्टा आईच्या अंगावर चढला. माणसाने तिला फळीच्या टोकाशी नेलं, वर दोराला कडी अडकवली, दोनदा हिसका देऊन पाहिला.

"आता पाय उचला, काकू."

पाय उचलेनात.

"जरा ढकला हो मला."

"आम्ही कुणाला ढकलत नाही. जमीन ज्याची त्यानेच सोडायची."

"राहू दे गं," मागून बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "कुणी हसणार नाही."

मुलगी आईजवळ येऊन उभी राहिली.

आईचे ओठ हलले. "देवा, मशीनवर बसताना तू असायचास. आता इथेही ये."

मग खुर्चीत बसावं तशी ती पट्ट्यात बसली. पट्टा कुरकुरला. पिवळे टाके ताणले गेले आणि तसेच राहिले. तिने ते बोटांनी चाचपले, आधी या मांडीचे, मग त्या मांडीचे. एक पाय उचलला. मग दुसरा.

किंकाळी ऐकू आली ती बाबांची.

दोर झणझणत राहिला. दरीच्या मधोमध आई एवढीशी दिसली, मग त्याहून लहान, मग पलीकडच्या काठावर दोन माणसांनी तिला अलगद उतरवून घेतलं. त्यांतल्या एकाने हात उंच करून हलवला. बाबा पिशव्यांसकट मटकन खाली बसले.

थोड्या वेळाने रिकामा पट्टा दोरावरून परत आला. तोवर माणसाने मुलीसाठी दुसरा काढून ठेवला होता.

"तो नको," मुलगी म्हणाली. "हाच."

ती बकल लावत होती, तेवढ्यात रांगेतल्या मागच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुझी आई मोठी धीट आहे गं!"

"धीट?" मुलगी गर्रकन वळली. रांगेच्या पार शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, ती गच्चीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाही, इतकी घाबरते!"

आणि मान ताठ करून ती फळीच्या टोकाकडे निघाली.